एकाचा मृत्यू आणि उरलेल्यांचा ईसीजी

पहाटे साडेपाचचा सुमार. महागावातून जाणाऱ्या नागपूर-तुळजापूर महामार्गाच्या कडेने गावातली पोरे धावत असतात. कुणाला पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरची वेळ गाठायची असते, कुणाला अग्निवीर व्हायचे असते. हाच देखावा उमरखेड, पुसद, आर्णी, दिग्रस अशा कुठल्याही गावाबाहेर दिसतो. या धावणाऱ्यांमधला एखादा अठरा-वीस वर्षांचा धडधाकट मुलगा एके दिवशी ओरडण्याचीही उसंत न मिळता खाली कोसळतो. सोबती तोंडावर पाणी मारतात, फिट आली समजून कांदा हुंगवतात, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेतात. तिथे पोहोचेपर्यंत सारे संपलेले असते.

यवतमाळ जिल्ह्यात तरुण माणूस असा अचानक गेला की विचारायच्या प्रश्नांचा क्रम ठरलेला आहे. पान लागले का? औषध घेतले का? फवारणीचे विष अंगात भिनले का? करंट लागला का? हे प्रश्न चुकीचे नाहीत. २०१७ च्या हंगामात कीटकनाशकांच्या विषबाधेने या जिल्ह्यातले वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. सर्पदंश आणि आत्महत्या तर इथल्या प्रत्येक गावाच्या ओळखीच्या आहेत. पण एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. ‘तुमच्या घरात याआधी कुणी तरुणपणी असेच अचानक गेले होते का?’

हा प्रश्न विचारला गेला तर अनेकदा थोडा वेळ शांतता पसरते. मग घरातले कुणीतरी सांगते, याचा काका विहिरीत पोहताना गेला होता. आत्या बाळंतपणानंतर झोपेतच गेली. आजोबा औत हाकता हाकता पडले ते उठलेच नाहीत. प्रत्येक मृत्यूला घरात एक वेगळे कारण चिकटवलेले असते: पाण्याचा धोंडा, बाहेरची बाधा, नशीब. पण सगळे मृत्यू एका ओळीत मांडले की वेगळेच चित्र दिसते. ते चित्र आनुवंशिक हृदयस्नायू विकाराचे असू शकते. आणि तसे असेल तर हा विषय गेलेल्या मुलावर संपत नाही. त्याचा धाकटा भाऊ दुसऱ्या महिन्यात पुन्हा त्याच रस्त्यावर धावायला लागणार असतो.

पाइप चोक होणे आणि फेज बिघडणे

तरुणाच्या अचानक मृत्यूला गावात आणि बातमीतही सरसकट ‘हार्ट अटॅक’ म्हणतात. विहिरीवरची मोटार ज्याने चालवली आहे, त्याला यातला फरक चटकन कळेल. पाइप चोक झाला तरी पाणी येत नाही आणि फेज बिघडली तरी येत नाही, पण दोन्हींची दुरुस्ती वेगळी. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी बुजणे. तो बहुधा पस्तिशी-चाळिशीनंतर येतो. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, चरबी ही त्याची कारणे. दुसऱ्या प्रकारात नळ्या स्वच्छ असतात, पण हृदयाच्या ठोक्याची वीज भरकटते. ठोका इतका वेगवान आणि विस्कळीत होतो की हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलतच नाही. काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत मेंदू मरू लागतो.

वीज भरकटण्याचे एक मोठे कारण म्हणजे खुद्द हृदयाच्या स्नायूचा जन्मजात दोष. त्यात दोन आजार महत्त्वाचे. पहिल्यात हृदयाची भिंत, विशेषतः डाव्या-उजव्या कप्प्यांमधला पडदा, कारण नसताना जाड होतो. लंडनचे विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टिअर यांनी १९५८ मध्ये अशा आठ तरुणांच्या हृदयांचे वर्णन केले. त्यातले बहुतेक अचानक गेलेले होते. १९९० मध्ये एका मोठ्या कॅनेडियन कुटुंबाच्या अभ्यासातून या आजारामागचा पहिला जनुकीय बदल सापडला. दुसऱ्या आजारात मुख्यतः उजव्या कप्प्याचा स्नायू हळूहळू झिजतो आणि त्याच्या जागी चरबी व तंतू भरतात. स्नायूपेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारी प्रथिने यात कमकुवत असतात. कपड्याची शिवण उसवावी तशा या पेशी ताण पडला की एकमेकींपासून सुटत जातात.

पहिला आजार दुर्मिळ नाही. अमेरिकेत तरुण प्रौढांच्या तपासणीत तो पाचशेत एकाला आढळला. तोच हिशेब २०११ च्या जनगणनेतल्या यवतमाळ जिल्ह्याच्या सुमारे २७ लाख ७२ हजार लोकसंख्येला लावला तर आकडा साडेपाच हजारांच्या घरात जातो. हा हिशेब ढोबळ आहे आणि यातले बहुतेक लोक काहीही त्रास न होता म्हातारे होतील. पण ज्यांना धोका आहे, ते याच गर्दीत आहेत आणि बाहेरून ओळखू येत नाहीत.

दोन्ही आजार बहुतेक घरांत सारख्याच पद्धतीने उतरतात. आई किंवा बाप यांपैकी एकात तो बदल असेल तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी. नाणे उडवावे तसे. एका भावाला लागण, दुसरा कोरा, बहिणीत बदल आहे पण तिला काहीच त्रास नाही आणि तिच्या मुलाला मात्र आजार, असेही घडते. म्हणूनच ‘आमच्या घरात सगळ्यांना थोडाच आहे’ हे उत्तर पुरेसे नाही.

धुऱ्यावरचे गवत

वीज भरकटते म्हणजे नेमके काय होते? उन्हाळ्यात धुऱ्यावरचे वाळले गवत पेटवले की आग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते आणि विझते. तिला मागे फिरता येत नाही, कारण मागचे गवत जळून गेलेले असते. निरोगी हृदयात प्रत्येक ठोक्याला हेच घडते. वरच्या कप्प्यातून निघालेली विजेची लाट खालपर्यंत जाते. जिथून ती गेली, तिथल्या पेशी साधारण पाव सेकंद पुन्हा पेट घेत नाहीत. त्यामुळे लाट विझते आणि पुढच्या ठोक्याची वाट पाहते.

आता त्या धुऱ्यात मध्ये मोठा खडक आहे, एका बाजूचे गवत ओले आहे आणि दुसऱ्या बाजूचे कोरडे आहे, अशी कल्पना करावी. ओल्या बाजूला आग अडते. कोरड्या बाजूने ती खडकाला वळसा घालून, उलट्या दिशेने, ओल्या बाजूतून धुमसत धुमसत परत येते. ती मूळ जागी पोहोचेपर्यंत तिथे पुन्हा पेटण्याजोगे गवत तयार असेल तर आग खडकाभोवती गोल गोल फिरतच राहील. बांधावर गवत इतक्या लवकर उगवत नाही. हृदयात मात्र पाव सेकंदात उगवते. आजारी स्नायूत खडकाची जागा घेतात मेलेल्या पेशींच्या जागी तयार झालेले व्रण. ओल्या गवताची जागा घेतात विस्कटलेल्या, विजेला सावकाश वाहणाऱ्या पेशी. ही फिरती लाट हृदयाला मिनिटाला दोनशेहून अधिक वेळा ठोके द्यायला लावते. ती फुटून तिच्या अनेक लहान लाटा झाल्या की खालचे कप्पे नुसते थरथरतात. हाच तो मृत्यूचा क्षण.

मग हा खडक आधीपासून असताना मुलगा नेमका त्याच दिवशी का कोसळतो? कारण आगीला ठिणगी लागते. अवेळी पडलेला एखादा जादा ठोका ही ती ठिणगी. जोराने धावताना रक्तात अ‍ॅड्रेनालिन वाढते, जादा ठोके वाढतात आणि पेशी पुन्हा पेटायला लवकर तयार होतात. अंगातले पाणी कमी होणे, हगवणीमुळे पोटॅशियम घटणे, भरपूर दारू, झोपेशिवाय काढलेली रात्र, हृदयाच्या विजेवर परिणाम करणारी काही औषधे यांपैकी काहीही त्या ठिणगीला जोर देऊ शकते. म्हणूनच ‘काल तर चांगला होता’ हे वाक्य खरे असते आणि तरीही त्यातून काही सिद्ध होत नाही.

कागदावर उमटणारी चाहूल

या आजारांबाबत दिलासा देणारी एक गोष्ट आहे. वीज बिघडण्याच्या खुणा अनेकदा मृत्यूच्या कितीतरी वर्षे आधी ईसीजीच्या कागदावर उमटलेल्या असतात. जाड हृदयाच्या दहापैकी नऊ रुग्णांचा ईसीजी साधा नसतो. रेघांची उंची वाढलेली, काही जागी खोल आणि अरुंद खाचा, एरवी वर उठणारी ‘टी’ लाट उलटी होऊन खाली गेलेली, असे बदल दिसतात. उजव्या कप्प्याच्या आजारात छातीवरच्या पहिल्या तीन जागांवर म्हणजे व्ही-१ ते व्ही-३ मध्ये ‘टी’ उलटी दिसते. लहान मुलांत ही गोष्ट स्वाभाविक असते, पण चौदा वर्षांनंतर ती राहिली तर दखल घ्यायला हवी. काही जणांत मुख्य लाटेच्या शेपटाशी एक बारीकशी थरथर दिसते. तिला ‘एप्सिलॉन’ लाट म्हणतात. उजव्या कप्प्याच्या काही भागांत वीज फार उशिरा पोहोचते, याची ती खूण. आणि कमरेला किंवा छातीला बांधलेल्या होल्टर यंत्राने चोवीस तासांची नोंद घेतली तर जादा ठोके मोजता येतात. उजव्या कप्प्याच्या आजारात चोवीस तासांत पाचशेपेक्षा अधिक जादा ठोके हा निदानाचा एक निकषच आहे.

यातली सगळ्यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की वीज आधी बिघडते आणि आकार नंतर. उजव्या कप्प्याच्या आजाराचा पहिला टप्पा ‘लपलेला’ असतो. त्यात सोनोग्राफीसारखी इको तपासणी साफ येते आणि तरीही धोकादायक ठोके पडू शकतात. ‘इको नॉर्मल आहे, काही नाही, घरी जा’ हे वाक्य म्हणूनच अपुरे. तसाच एक नॉर्मल ईसीजीही आयुष्यभराचा दाखला नव्हे. हे बदल बहुधा वयात येताना आणि त्यानंतर उमटतात. म्हणून अशा घरातल्या वाढत्या वयाच्या मुलांची तपासणी दर एक-दोन वर्षांनी आणि मोठ्यांची दर तीन ते पाच वर्षांनी पुन्हा करावी लागते.

कागदाच्या आधी शरीरही चाहूल देते. धावताना किंवा ओझे उचलताना भोवळ येऊन पडणे हे त्यातले सर्वात महत्त्वाचे. धावून थांबल्यावर, उन्हात उभे राहून येणारी भोवळ बहुधा साधी असते. धावत असतानाच येणारी साधी समजू नये. अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी धडधड, वयाच्या मानाने लवकर लागणारा दम, हीसुद्धा लक्षणे. आणि एक फसवे लक्षण म्हणजे ‘फिट’. मेंदूला रक्त कमी पडले की हातपाय झटकतात. बघणाऱ्याला ती मिरगी वाटते. काही मुले वर्षानुवर्षे मिरगीच्या गोळ्या खात राहतात आणि त्यांचा ईसीजी एकदाही निघालेला नसतो. फिट येणाऱ्या प्रत्येक मुलाचा एक ईसीजी काढणे हा कुठल्याही दवाखान्याला परवडणारा नियम आहे.

मराठी माणसाच्या रक्तातला बदल

हा आजार गोऱ्यांचा किंवा खेळाडूंचा, असा समज काढून टाकणारे काम आपल्या शेजारीच झाले. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संस्थेतले के. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की एमवायबीपीसी-३ नावाच्या हृदयस्नायूच्या जनुकातली पंचवीस अक्षरे गळालेला एक बदल भारतीय उपखंडातल्या सुमारे चार टक्के लोकांत आहे. शंभरातले चार म्हणजे एसटीच्या दोन भरलेल्या गाड्यांतले चार जण. हा बदल असलेल्यांना उतारवयात हृदय निकामी होण्याचा धोका जास्त, असे तेव्हा दिसले. आई-वडील दोघांकडूनही तो मिळालेल्या मुलांत आजार लवकर आणि गंभीर दिसला.

पुढच्या दशकात या निष्कर्षाला मुरड पडली. हा बदल असलेल्या बहुसंख्य लोकांना काहीच होत नाही. धोका वाढतो तो मुख्यतः त्याच जनुकात त्याच्या सोबतीला आणखी एक लहानसा बदल असेल तेव्हा, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले. यातून दोन धडे मिळतात. एक, जनुकात बदल सापडणे म्हणजे मृत्युपत्र नव्हे. दुसरा, नात्यात लग्न करण्याची, मामाची मुलगी करण्याची चाल ज्या घरांत आहे आणि ज्या घरांत तरुण मृत्यू झाले आहेत, तिथे लग्नाआधी हा विषय बोलला गेला पाहिजे.

लस नव्हे, घराणे

कोविडनंतर तरुणांच्या अचानक मृत्यूंच्या चित्रफिती मोबाइलवर फिरल्या आणि दोष लसीवर आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने याचा शोध घेतला. देशभरातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या, कारण न कळता अचानक गेलेल्या ७२९ जणांची माहिती गोळा केली आणि त्यांची तुलना २,९१६ जिवंत लोकांशी केली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लसीने धोका वाढल्याचे दिसले नाही. दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमीच होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच होत्या. कोविडमुळे रुग्णालयात राहावे लागणे, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत एका बैठकीत भरपूर दारू पिणे किंवा अतिश्रमाचा व्यायाम करणे, आणि घराण्यात अचानक मृत्यूचा इतिहास असणे. घराण्याचा इतिहास असलेल्यांत धोका सुमारे अडीचपट होता. मोबाइलवर लसीची चर्चा वर्षभर चालली. त्या अडीचपटीची चर्चा कुठेच झाली नाही.

शवविच्छेदन गृहात हरवणारा धागा

तालुक्याच्या ठिकाणी असा मृत्यू झाला की पोलीस मर्ग दाखल करतात, पंचनामा होतो आणि शवविच्छेदन होते. जखम नाही, दंशाची खूण नाही, मग ‘मत राखून ठेवले, व्हिसेरा राखून ठेवला’ असा शेरा पडतो. जठर, आतडे, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातात. बऱ्याच महिन्यांनी ‘विष आढळले नाही’ असा अहवाल येतो आणि तो फायलीत लागतो. घरच्यांना कधीकधी तो आल्याचेही कळत नाही. विष नव्हते, मग काय होते, हे विचारायला तोवर कुणी उरलेले नसते.

वास्तविक याच टेबलावर उत्तर मिळण्याची शक्यता सर्वाधिक असते. त्यासाठी लागणारी सामग्री महाग नाही. हृदय वजन करून नोंदवणे, डाव्या भिंतीची आणि पडद्याची जाडी मोजपट्टीने मोजणे, उजव्या कप्प्याची भिंत चरबीने पिवळी झाली आहे का ते पाहणे आणि हृदय मिठाच्या नव्हे तर फॉर्मेलिनच्या द्रावणात वैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागाकडे पाठवणे. प्रौढ पुरुषाचे हृदय साधारण तीनशे ग्रॅमच्या आसपास असते. त्याच्या दीडपट भरलेले हृदय स्वतःच बोलत असते. चाळिशीच्या आतल्या प्रत्येक अनपेक्षित मृत्यूत एवढे झाले आणि अहवालाच्या शेवटी ‘मृताच्या आई-वडील, भावंडे व मुलांचा ईसीजी करून घ्यावा’ ही एक ओळ लिहिली गेली, तर तो कागद न्यायालयापुरता न राहता कुटुंबाच्याही कामाचा होईल.

सगळ्यांची तपासणी की घराण्याची?

भरतीला येणाऱ्या प्रत्येकाचाच ईसीजी का काढू नये, असा प्रश्न साहजिक आहे. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटरच्या धावेदरम्यान काही तरुण दगावले तेव्हाही तो विचारला गेला. ते मृत्यू आनुवंशिक आजाराचे होते असे म्हणता येणार नाही. जूनचा उकाडा, उपाशीपोटी रांगेत काढलेले तास यांचीही तेव्हा चर्चा झाली. इटलीने १९८२ पासून स्पर्धक खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची केली. व्हेनेतो प्रांतात त्यानंतर तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू वर्षाला लाखामागे ३.६ वरून ०.४ वर आले. दुसरीकडे, इस्रायलने १९९७ मध्ये असाच कायदा केला, तिथल्या अभ्यासात मात्र फरक दिसला नाही. सरसकट तपासणीचा दुसरा तोटाही आहे. सरावाने कमावलेल्या निरोगी हृदयाचा ईसीजीही काही वेळा वेगळा दिसतो. तो नीट वाचणारा नसेल तर ज्याला काहीच आजार नाही, अशा गरीब घरच्या मुलाची नोकरी जाईल.

म्हणून आपल्या तालुक्यांना शोभेल असा मार्ग घराण्यापासून सुरू होतो. ज्या घरात चाळिशीच्या आत अनपेक्षित मृत्यू झाला, त्या घरातल्या रक्ताच्या जवळच्या नातेवाइकांचा ईसीजी आणि इको. यासाठी नवी योजना लागत नाही. आशा सेविकेला गावातला प्रत्येक मृत्यू ठाऊक असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळा आणि अंगणवाड्यांत जातात. त्यांच्या प्रश्नावलीत ‘धावताना कधी पडलास का’ आणि ‘घरात तरुणपणी कुणी गेले का’ हे दोन प्रश्न घालणे कठीण नाही. ईसीजी तालुक्यातही निघतो, आणि त्याचा फोटो यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञापर्यंत मिनिटभरात पोहोचतो. कमी आहे ती यंत्राची नव्हे, सवयीची.

मुलींनाही कळवा

घरचे तपासणीला का येत नाहीत, याचीही कारणे आहेत. ‘हृदयाचा आजार’ हा शब्द बाहेर गेला तर पोरीचे लग्न मोडेल, पोराची भरती जाईल, ही भीती खोटी नाही. नवरा तरुणपणी गेला तर ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून सुनेला बोल लावणारी घरे अजून आहेत. आजार नवऱ्याच्या घराण्यातूनच आला होता, हे समजले तर निदान तो कलंक तरी पुसला जाईल. आणखी एक ठरलेली चूक अशी की तपासणीला भाऊ येतात, लग्न करून दिलेल्या बहिणी येत नाहीत. जनुक सासर-माहेर ओळखत नाही. उमरखेडला किंवा नांदेडला दिलेल्या बहिणीला आणि तिच्या मुलांना हा निरोप गेलाच पाहिजे. तेराव्याला सगळे गोळा होतात. तिथेच तो देता येतो.

निदान झाले म्हणजे सगळे संपले असेही नाही. बीटा-ब्लॉकर गटातल्या स्वस्त गोळ्या त्रास आणि धडधड आटोक्यात ठेवतात, पण त्या अचानक मृत्यूपासून पूर्ण संरक्षण देत नाहीत. ज्यांना धोका जास्त, म्हणजे जे एकदा कोसळून वाचले, ज्यांना कारणाविना भोवळ आली, ज्यांच्या हृदयाची भिंत तीस मिलिमीटर किंवा अधिक जाड आहे, त्यांच्या छातीत आयसीडी नावाचे छोटे यंत्र बसवावे लागते. ते चोवीस तास ठोका पाहते आणि भरकटलेल्या विजेला आतूनच झटका देऊन ताळ्यावर आणते. मीत्चिस्वाव मिरोवस्की यांनी कल्पिलेले हे यंत्र १९८० च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिल्यांदा माणसात बसवले गेले. त्याचा खर्च लाखांत जातो, म्हणून कुणाला ते खरोखर हवे हे तज्ज्ञाने ठरवायचे आणि शासकीय आरोग्य योजनेतून किती मदत मिळते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारायचे. व्यायामाबाबतही दोन्ही आजारांना एक नियम नाही. उजव्या कप्प्याच्या आजारात लांब पल्ल्याची धाव आजारच वाढवते. जाड हृदयाच्या बहुतेक रुग्णांना बेताचा व्यायाम, रोजचे चालणे फायद्याचे ठरते. शेत सोडून खाटेवर पडून राहा, असा सल्ला कुणालाच देण्याची गरज नाही.

पडलेल्याजवळ थांबा

आणि ज्या घराला अजून काहीच ठाऊक नाही, तिथला मुलगा रस्त्यावर कोसळलाच तर? कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फो २००३ मध्ये मैदानात पडला आणि वाचला नाही. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला आढळला. डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन १२ जून २०२१ रोजी भर सामन्यात तसाच पडला. त्याच्या छातीवर लगेच दाब दिला गेला, विजेचा झटका दिला गेला, पुढे आयसीडी बसवले आणि तो पुन्हा मैदानात उतरला. दोघांच्या हृदयात एकच आजार होता असे नाही. पण पहिल्या दोन-तीन मिनिटांत काय होते, यावर किती अवलंबून असते ते एरिक्सनच्या उदाहरणातून दिसते. काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते.

महागावच्या रस्त्यावर डॉक्टर उभा नसतो, सोबतचे धावणारे असतात. त्यांनी करायचे ते एवढेच. हाक मारून, खांदा हलवून पाहायचे. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, तर एकाने १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून, कोपर न वाकवता, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबायचे. दमला की तिसऱ्याने हात लावायचा. कांदा, चप्पल, पाणी यात एक मिनिटही घालवायचे नाही, आणि मोटारसायकलवर मध्ये बसवून नेणे तर मुळीच नाही. बसवलेल्या माणसाची छाती दाबता येत नाही. भरतीची तयारी करून घेणाऱ्या प्रत्येक अकादमीने पहिल्या दिवशी ही अर्ध्या तासाची शिकवण द्यावी. सोळाशे मीटरच्या वेळेपेक्षा ती कमी महत्त्वाची नाही.

गेलेला मुलगा परत येत नाही. पण त्याच्या मृत्यूत त्याच्या भावंडांसाठी एक निरोप असतो. तो वाचायला एक ईसीजी यंत्र, एक मोजपट्टी आणि घरच्यांना विचारलेला एक प्रश्न पुरतो. पुढच्या वेळी कुणाच्या दारात असा मांडव पडला तर सांत्वनाला गेलेल्यांपैकी एखाद्याने तरी तो प्रश्न विचारावा आणि धाकट्याला पुन्हा धावायला पाठवण्याआधी त्याला दवाखान्यात घेऊन जावे.